तीन कानांचा खटका

माझ्या बाबांना ऐकू येत नाही हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त बाबांना. म्हणजे तसं त्यांचं म्हणणं होतं. "माका सगळा ऐकाक येता, लोकच हळू बोलतत," असं ते इतक्या मोठ्याने सांगायचे की माडावरचे कावळे उडायचे. आई मान डोलवायची. मीही डोलवायची. घरात शांतता हवी असेल तर मान डोलवलेली बरी, हे मी तेव्हाच शिकले. पुढे मास्तरीण झाल्यावर इन्स्पेक्टरसाहेबांसमोर ते शिक्षण फार कामी आलं.

बाबा तारी होते. खाडीच्या आमच्या अंगाला मालवण तालुका, पलीकडे कुडाळ. मधे माणसं नेणारी-आणणारी जी होडी, तिला आमच्याकडे तर म्हणतात. ती तर बाबा वल्हवायचे, त्यांच्याआधी त्यांचे वडील वल्हवायचे. ही साठ सालानंतरची गोष्ट. पुलाचं नाव कोणी काढलेलं नव्हतं, आणि वीज आमच्या गावात यायला अजून पुष्कळ वर्षं होती.

आमच्या गावाशी खाडी अरुंद. दोनशे फूट असेल, फार तर अडीचशे. पण पलीकडचा धक्का कांदळवनाच्या आड. तिथे उभा राहिलेला माणूस अलीकडून दिसत नाही. त्याची हाक तेवढी येते. "होऽऽ तारीऽऽ!" अशी हाक आली की अलीकडच्या खोपीत जाळं विणत बसलेले बाबा सुई खाली ठेवायचे, उभे राहायचे आणि ओ द्यायचे. "ओऽऽ! इलंय रेऽऽ!" काय आवाज होता! पलीकडच्या माणसाला वाटायचं, तर आलीच. मग तो कांदळाच्या सावलीत बसून निवांत विडी ओढायचा.

मला लहानपणी एक खोड होती. बाबांना हाक मारायची तर एकदा मारून भागायचं नाही. "बाबा! बाबा! बाबा!" अशी तीनदा मारायची, दम न घेता. पहिल्या हाकेला ओ आली तरी उरलेल्या दोन मारून पुऱ्या करायच्या. आई वैतागायची, "अगो, बापूस खंय पळान गेलो?" बाबा मात्र तिन्ही हाकांना तीन वेगवेगळ्या ओ द्यायचे.

मग कधीतरी त्या ओ कमी झाल्या. कधीपासून, ते सांगता येत नाही. भरतीचं पाणी नेमकं कुठल्या क्षणी ओसरायला लागलं ते कोण सांगणार? आधी मला दोनच ओ यायच्या. मग एक. मग मी त्यांच्या पाठीशी उभी राहून तीनदा हाक मारायची आणि ते शांतपणे जाळ्याच्या गाठी मारत राहायचे. खोड अशी की उपयोग नाही हे कळूनही मी मारतच राहिले. पलीकडचे लोक चार-चार हाका मारायला लागले. मग थाळी वाजवायला लागले. एकाने तर कांदळातून दगड भिरकावला, तो नेमका आमच्या कोंबडीला लागला आणि आई त्याला पैलतीरावर ऐकू जाईल अशा शिव्या घालत तासभर धक्क्यावर उभी होती. त्या दिवशी त्याला तर मिळाली, पण कोंबडीमुळे.

मी सोळा वर्षांची होते. मॅट्रिकचं वर्ष होतं. आणि त्याच वर्षी गणपतीला काका आला.

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. तो आगबोटीवर वायरमनच्या हाताखाली होता. दोन वर्षांनी एकदा यायचा. येताना इतर काका साड्या, साबण, अत्तर आणतात. आमच्या काकाने आणली एक पत्र्याची पेटी आणि केबलची दोन जाड वेटोळी. कुठलीशी जुनी बोट भंगारात काढली, तिच्यातला माल. आईने केबल हातात घेतली, वाकवून बघितली आणि म्हणाली, "बरी आसा, कपडे वाळत घालूक." एक वेटोळं तिने त्याच दिवशी दोन माडांच्या मधे ताणलं. दुसऱ्याने गवताचे भारे बांधले. काका बघतच राहिला.

पेटी मात्र मी बळकावली. तिच्यात टॉर्चचे छोटे दिवे होते, घंटीची दोन बटणं होती आणि पितळी खटके होते, बोटभर दांडीचे. दांडी वर केली की खट्, खाली केली की खट्. मी दिवसभर नुसती खट्-खट् करत बसले. तेव्हा काकाने पाटावर खिळे ठोकून मला एक दिवा बसवून दिला. दोन सेल, एक दिवा, एक खटका, चार तारा. "ह्यो खटको म्हणजे इचारणा," तो म्हणाला. "तू इचारतंस, दिवो सांगता. वर केलंस, हो. खाली केलंस, नाय. मधला काय नाय." मला ते फार आवडलं. आमच्या घरात कुठल्याही प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर मिळालेलं मला आठवत नव्हतं.

खटक्याच्या मागे तारा अडकवायला पितळी स्क्रू होते. त्यांना काका कान म्हणायचा. कान दोनच लागतात, पण खटक्याला तीन होते. "तिसरो कान कित्याक?" मी विचारलं. काका म्हणाला, बोटीवरच्या जिन्याला वर एक खटका असतो आणि खाली एक. तिसरा कान त्यासाठी. आणि कागदावर त्याने एक चित्र काढून दिलं. मी ते वहीत घातलं आणि विसरले. इथे जिने कोणाच्या घरात होते?

माझा पाटावरचा दिवा मी देवासमोर नेऊन लावला, तेव्हा आईने दोन्ही हात जोडले. तिन्हीसांज होती. थोड्या वेळाने मी खटका खाली करायला गेले, तर तिने माझा हात धरला. "आता नको. ऱ्हवांदे." सकाळी दोन्ही सेल मेलेले. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. शिकायचं ते तेव्हाच शिकता आलं असतं, पण मी मॅट्रिकला होते ना, मला सगळं येत होतं.

काका बोटीवर गेला. आणि पौष सरल्यावर लग्नाचा तो प्रसंग घडला.

आमच्या सरपंचांच्या पुतणीचं लग्न. नवरा वालावलचा. वऱ्हाड सकाळी पलीकडच्या धक्क्यावर येऊन उभं राहिलं. "होऽऽ तारीऽऽ!" वाजंत्री होते, त्यांनी सनई वाजवली, ढोल बडवला. नवऱ्या मुलाच्या मामांनी हाका मारून घसा बसवून घेतला. मी शाळेत, आई लग्नघरी पोळ्या लाटायला. बाबा खोपीत, जाळ्याच्या गाठी मारत, अगदी समाधानात. शेवटी वऱ्हाडातला एक पोहणारा गडी धोतर डोक्याला गुंडाळून खाडीत शिरला आणि ओलाचिंब असा बाबांच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. बाबा त्याला म्हणाले, "मेल्या, हाक मारूक काय झाला तुका?"

मुहूर्त टळला. दुसरा मुहूर्त दुपारचा मिळाला, लग्न लागलं, जोडपं सुखाने नांदलं. पण तेवढ्या वेळात सरपंचांना पाहुण्यांसमोर मान खाली घालावी लागली. दुसऱ्या दिवशी ते आमच्या अंगणात आले. एरवी ते आमच्यासारखेच बोलायचे. सरकारी काम निघालं की त्यांची भाषा एकदम बुटं घालायची. "आपल्याविषयी तक्रारी आल्या आहेत," ते म्हणाले. "श्रवणशक्तीबाबत. पंचायतीला लोकांची गैरसोय पाहावी लागते." बाबा हसून मान डोलवत होते, त्यांना वाटलं, लग्न छान झालं असं सांगतायत. सरपंच आईकडे वळले. शिमग्यापर्यंत बघू, म्हणाले. शिमग्यानंतर तर दुसऱ्याच्या हातात द्यावी लागेल.

आई म्हणाली, जाळी विणतील, पोट भरेल. पोट भरलंच असतं हो. पण बाबांच्या हातातलं वल्हं काढून घेतलं तर उरतं कोण, ते मला दिसत होतं: ओटीवर बसलेला एक म्हातारा, ज्याला कोणी हाक मारत नाही. मला भीती वाटली आणि भीती वाटली की मला राग येतो. मी पेटी काढली.

बाबांना सांगायचं काय, हा खरा पेच. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून हे यंत्र, असं म्हटलं असतं तर पेटी खाडीत गेली असती आणि मागोमाग मी. मी त्यांच्या समोर उभी राहून ओठ मोठाले हलवत म्हटलं, "बाबा, लोकांचे गळे बसतत. हाक मारूचो त्रास होता. म्हणान दिवो लावतंय."

बाबा खूश झाले. "खरा आसा. आजकाल हाक मारूक येना नाय कोणाक. आमच्या वेळची माणसा काय हाका मारीत!"

आधी मी घंटीचं बटण लावून बघितलं. अलीकडेच, शंभर फुटांवर. मी बटण दाबलं, खोपीत दिवा लागला, मी बोट काढलं, दिवा गेला. बाबांची मान जाळ्यात. पुन्हा दाबलं. पुन्हा मान जाळ्यातच. तेव्हा मला कळलं की बटण विसरभोळं असतं. बोट उचललं की झालं गेलं विसरून जातं. खटका तसा नाही. एकदा वर केला की कोणी खाली करेपर्यंत वरच. दिवा लागून राहील, बाबा कधीतरी मान वर करतीलच. विसरणाऱ्या माणसाला खटका द्यावा आणि आठवण ठेवणाऱ्याला बटण, हे मी पुढे शाळेत पोरांना शिकवलं. पुस्तकात तसं लिहिलेलं नाही, ते पुस्तकाचं दुर्दैव.

केबल हवी होती ती आईच्या कपड्यांखाली आणि गवतात. तिने आधी नाहीच म्हटलं, मग शिमग्याचा विषय निघाल्यावर लुगडी गोळा केली. दोन्ही वेटोळी जोडून खाडीच्या तळातून टाकायची होती. जोड पाण्यात जाणार, आणि पाणी खारं. मी मेणकापड गुंडाळलं ते बाबांनी बघितलं आणि हाताने बाजूला केलं. "ह्या चालाचा नाय." होडीच्या फळ्यांच्या फटी बुजवतात तसा त्यांनी तो जोड कापसाने, राळेने आणि तेलाने बुजवला, दोन दिवस उन्हात ठेवला, आणि बोटाने ठोकून ऐकल्यासारखं केलं. "आता होडी बुडात, पण ह्या बुडाचा नाय." मग दर दहा हातांवर दगड बांधून आम्ही दोघांनी ती केबल खाडीत सोडली. केबलच्या पोटात तीन तारा होत्या. मी दोन जोडल्या आणि तिसरी तशीच मोकळी सोडली.

दिवा आणि चार सेल बाबांच्या खोपीत, जाळ्याच्या अगदी समोर. खटका पलीकडे धक्क्यावर, लाकडी डब्यात. डब्यावर मी पत्रा ठोकला आणि ठसठशीत अक्षरात, शुद्धलेखनाचे सगळे नियम पाळून, रंगाने लिहिलं: 'वर — दिवा लागतो. खाली — दिवा विझतो. होडीत चढण्यापूर्वी कृपया दिवा विझवा.' त्या 'कृपया'चा मला फार अभिमान होता.

पहिल्या दिवशी पलीकडून एक भाजीवाली आली. तिने घाबरत दांडी वर केली. खोपीत दिवा लागला. बाबांनी मान उचलली, सुई खाली ठेवली, उभे राहिले आणि कित्येक वर्षांनी खाडीवर ती ओ गेली. "ओऽऽ! इलंय रेऽऽ!" मी धक्क्यावर उभी होते. मला इतका आनंद झाला की मी पाण्यात उतरून उड्या मारल्या आणि परकर भिजवून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा लागेना. सेल मेलेले.

नवे घातले. दिवसभर सगळं झकास. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मेलेले. कोणीतरी खटका वरच ठेवून होडीत चढलं होतं आणि खोप रिकामी, रात्रभर दिवा एकटाच जळत बसला होता. मालवणच्या बाजारातला दुकानदार म्हणाला, "गो, भाजून खातंस काय सेल?" आईच्या टॉर्चमधले घातले. ते गेले. शेजाऱ्यांच्या टॉर्चमधले मागून आणले. तेही गेले. शिमगा दहा-बारा दिवसांवर आलेला आणि बाबा सकाळी काळ्या दिव्यासमोर बसून आहेत, पलीकडे लोक खट्-खट् करतायत आणि पुन्हा थाळ्या वाजतायत. मी सगळ्या कुडाळ तालुक्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. एक साधी दांडी खाली करता येत नाही? वाचता येत नाही? हात मोडलेत?

मग माझ्या लक्षात आलं की दिवसा सगळे करतात. दिवसभरात वीस माणसं येतात, वीसही जण दांडी खाली करून होडीत चढतात. राहते ती शेवटच्या खेपेला. दिवेलागणीच्या.

मी त्या संध्याकाळी आधीच पलीकडे जाऊन बसले. शेवटच्या खेपेला पाच-सहा बाया होत्या, बाजारातून परतणाऱ्या. पुढे आमच्याच गावातली एक म्हातारी, डोक्यावर सुक्या मासळीची टोपली. तिने दांडी वर केली. ओ आली. होडी आली. सगळ्या एकेक करून चढायला लागल्या. डब्याकडे कोणी बघेना. मी परकर खोचून पुढे झाले. "आजये, खटको खाली कोण करतला?"

"मी नाय," म्हातारी म्हणाली.

"कित्याक नाय?"

"थंय काय लिवलंस तां वाच."

मी वाचलं. मीच लिहिलेलं, त्यात काय वाचायचं होतं? म्हातारी टोपली सावरत म्हणाली, "माका वाचूक येना नाय. पण मास्तरान वाचून दाखवल्यान. दिवो इजवा म्हणान लिवलंस मां? माझो झिल बोटीर आसा, बाय. तिन्हीसांजेक माझ्या हातान दिवो इजवू?" मग तिने मागे मान वळवली. "हिची सून पोटुशी. हिचो घो मुंबैत हॉस्पिटलात. कोणाच्या हातान इजवतलंस, सांग."

एकीचा मुलगा बोटीवर, दुसरीची सून पोटुशी, तिसरीचा नवरा इस्पितळात. माझं तोंड असं पडलं की त्या सगळ्या हसायला लागल्या. ज्या घरात आई देवासमोरच्या टॉर्चच्या दिव्याला हात लावू देत नव्हती, त्या घरातली मी! दिवा शांत करतात, दिवा मालवतात, आणि तोही तिन्हीसांज टळल्यावर. विझवत कोणी नाही. आणि मी भर धक्क्यावर मोठ्या अक्षरात, 'कृपया' घालून, लोकांना दिवा विझवायला सांगत होते. दिवसाउजेडी बिचाऱ्या तेवढं ऐकत होत्या, हीच त्यांची मेहेरबानी. दांडी मीच खाली केली. आणि खरं सांगते, करताना मला बोटीवरचा काका आठवला.

त्या रात्री जेवताना घास तोंडात धरून मी उठले आणि वही आणली. काकाचं जिन्याचं चित्र. वर एक खटका, खाली एक. खालच्याने लावायचा, वरच्याने बंद करायचा. तीन कान आणि तीन तारा. केबलमधली तिसरी तार मी मोकळी सोडली होती!

दुसऱ्या दिवशी मी बाबांच्या खोपीत एक खटका बसवला आणि दोन्हीकडचे तिसरे कान तिसऱ्या तारेने जोडले. आता पलीकडच्या माणसाने दांडी एकदा हलवायची, वर असेल तर खाली, खाली असेल तर वर. दिवा लागतो. बाबांनी आपली दांडी हलवायची. दिवा जातो. पलीकडच्याने पुन्हा हात लावायचाच नाही. पत्रा मी खरवडला आणि त्यावर एकच शब्द लिहिला: 'हाक'. बाबांच्या खटक्यावर लिहिलं: 'ओ'. दिव्याचं नाव कुठेही नाही. कोण कशाला विझवतोय? एक हाक मारतो, दुसरा ओ देतो.

बाबांनी तो शब्द वाचला. त्यांना चौथीपर्यंतचं वाचता यायचं. त्यांनी अक्षरावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं. दिवा लागला की दांडी हलवायची आणि तोंडाने ओ द्यायची, हे त्यांनी एका खेपेत उचललं. सेल महिनाभर टिकले.

शिमग्याच्या आदल्या दिवशी सरपंच आले. पांढरे कपडे, हातात घड्याळ, भाषा बुटं घातलेली. "प्रत्यक्ष पाहणी करावी लागेल." बाबांनी त्यांना आणि मला पलीकडे सोडलं आणि ते होडी घेऊन परत गेले. सरपंच कांदळाच्या सावलीत दगडावर बसले. लगेच काही करीनात. माझ्या परीक्षेची चौकशी केली, काकाची चौकशी केली, पान लावलं. मला वाटलं, विसरले. आणि बोलता बोलता मधेच, माझ्याकडे बघतच, त्यांनी मागे हात नेऊन दांडी हलवली. खट्.

हाक नाही, थाळी नाही. जोडात पाणी गेलं असेल तर? त्या आठवड्यात उधाणाची भरती होती. सरपंच घड्याळात बघत होते. मी पाण्याकडे बघत होते. आणि मग आली. "ओऽऽ! इलंय रेऽऽ!"

सरपंचांनी पानाची पिंक टाकली आणि घड्याळ खिशात घातलं. मी जिंकले होते. पण आमचे सरपंच काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. होडी खाडीच्या मधोमध आली तेव्हा ते बाबांच्या समोर सरकून बसले आणि एकेक शब्द सुटा करून त्यांनी विचारलं, "तारी, खरं सांगा. तुम्हाला ऐकू येतं की नाही?"

'येता' म्हटलं तर ते पाठ फिरवून काहीतरी विचारतील आणि खोटं उघडं पडेल. 'नाय' म्हटलं तर शिमगा उद्याच होता. आणि तो शब्द बाबांच्या तोंडून कधी आलेलाच नव्हता. मी त्यांना खुणेने सांगणार होते, काय सांगणार होते देव जाणे. बाबांनी वल्ही पाण्याबाहेर काढली आणि मांडीवर आडवी धरली. होडी आपली आपण थोडी वाहत गेली.

"नाय," बाबा म्हणाले. "माका ऐकाक येना नाय, सायबानू. चार वर्सा झाली." मग त्यांनी माझ्याकडे मान केली. "पण ह्या चेडवान केल्यान तेवापासून माका हाक दिसता."

चार वर्षं! म्हणजे मोजलेली. आम्ही मायलेकी माना डोलवत होतो आणि तो माणूस जाळ्याच्या गाठी मारत वर्षं मोजत होता. मग सरपंचांच्या भाषेने बुटं काढली. "मगे बसलंस काय? वल्ही मार. भरती फिरतली." शिमग्यानंतर तर बाबांच्याच हातात राहिली, पूल होईपर्यंत.

मी मॅट्रिक झाले आणि जूनमध्ये ट्रेनिंगला गेले. दिवाळीच्या सुट्टीत परत आले ती कुडाळच्या बाजूने. येतेय हे घरी ठाऊक नव्हतं. पत्र माझ्यानंतर दोन दिवसांनी पोचलं. दुपारची वेळ, धक्क्यावर दुसरं कोणी नाही. पत्र्यावरचा 'हाक' शब्द बोटं लागून लागून पुसट झालेला. मी दांडी हलवली. खट्. आणि जुनी खोड हाताला होती तशी आणखी दोनदा हलवली. खट्, खट्.

"ओऽऽ गो बायऽऽ! इलंय!"

कांदळातून त्यांना मी दिसत नव्हते. एक होडकं दिसायचं नाही तिथून, तर मी काय दिसणार? पिशवी हातातून सुटून चिखलात पडली, ती मी होडी येईपर्यंत उचललीसुद्धा नाही. होडी आली. मी चढले, त्यांच्या समोर बसले आणि ओठ मोठाले हलवत विचारलं, "बाबा, मीच आसंय ता कसा कळला?"

"लोक एकदा हाक मारतत," बाबा म्हणाले. "तू ल्हानपणापासून तीनदा मारतंस."

मी हसले. ते हसले नाहीत. वल्ही मारता मारता, पाण्याकडे बघत म्हणाले, "चार वर्सा तू माझ्या पाठीर उभी ऱ्हवान हाक मारलंस आणि मी ओ दिलंय नाय. ता काय माका ठावक नाय, गो?"

मला रडू आलं ते अलीकडचा धक्का येईपर्यंत थांबलं नाही. बाबांनी वल्ही थांबवली नाहीत. होडी लागली तेव्हा त्यांनी माझी चिखलाची पिशवी घेतली, खोपीत गेले, आणि 'ओ'ची दांडी आणखी दोनदा हलवून आले. दोन राहिल्या होत्या, म्हणाले.